भाडोत्री मोटारीचा चालक आणि श्रमाचा कायदा : तिसगावच्या रस्त्यावरून एक विचार

अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्व भागात, नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, करंजीचा घाट ओलांडल्यानंतर तिसगाव हे बाजाराचे गाव लागते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यापूर्वीच्या काळाचे असल्याने जुनेच नाव ठेवले आहे.) दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तो जिल्ह्यातून उत्तर-दक्षिण असा गेला, आणि पूर्वेकडील हा टापू त्यापासून दूर राहिला. २०२२ साली नगरहून आष्टीपर्यंत व २०२५ साली बीडपर्यंत जी नवी रेल्वे गेली तीही पाथर्डी तालुक्याच्या दक्षिणेकडून. त्यामुळे तिसगावकराला नगरच्या कचेरीत, दवाखान्यात वा महाविद्यालयात जावयाचे असो, मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेस येणाऱ्या भाविकाला गावावरून पुढे जावयाचे असो, अगर हंगामाला ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबातील वृद्धांना मागे राहून तालुक्याचे ठिकाण गाठावयाचे असो, रस्त्यावाचून गत्यंतर नाही. आणि रस्ता म्हटला की त्यावर गाडी हाकणारा एक मनुष्य आला.

आपल्याकडील मोटार-वाहतुकीच्या इतिहासात गाडीची नोंद आहे, मालकाची आहे, रेल्वेशी झालेल्या स्पर्धेची तर विपुल आहे. प्रवाशाच्या तक्रारींचीही कमतरता नाही. नोंद कमी आहे ती चालकाची. जेथे ती सापडते तेथे त्याला बहुधा परवान्याचा धारक म्हणून, अपराधी म्हणून अथवा अपघातास कारण झालेला म्हणून पाहिले गेलेले दिसते. श्रम करून पोट भरणारा मनुष्य म्हणून तो कायद्याच्या दृष्टीस केव्हा आला, कितपत आला आणि पुन्हा दृष्टीआड कसा झाला, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. एस. टी. महामंडळाच्या नोकरीतील चालकाचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. येथे अभिप्रेत आहे तो टॅक्सीचा, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या लहान मोटारीचा चालक, मग ती मुंबईची मीटर लावलेली टॅक्सी असो की तिसगावच्या थांब्यावर उभी राहणारी काळी-पिवळी जीप असो.

भाड्याच्या वाहनाविषयीची आपली कायदेशीर परंपरा मोटारीहून जुनी आहे. मुंबई शहरातील भाड्याच्या गाड्यांसाठी १८६३ साली कायदा झाला आणि १९२० साली त्याची जागा नव्या सार्वजनिक वाहन कायद्याने घेतली. व्हिक्टोरिया हाकणाऱ्याने परवाना घ्यावा, क्रमांकाचा बिल्ला बाळगावा आणि ठरलेल्या दरानेच भाडे घ्यावे, ही या कायद्यांची दृष्टी होती. गाडीवान हा प्रवाशास लुबाडू शकणारा इसम आहे असे गृहीत धरून प्रवाशाचे रक्षण करणे हा त्यांचा हेतू. हा हेतू अयोग्य होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु गाडीवानाने दिवसाचे किती तास गाडीवर बसावे, मालकाने त्याला काय द्यावे, याविषयी ही परंपरा मुकी होती. १९११ साली मुंबईत टॅक्सी आली, तेव्हा घोडा गेला आणि बिल्ला मात्र राहिला. चालकाच्या छातीवरील तो पितळी तुकडा पुढे शतकभर त्याची कायदेशीर ओळख होऊन बसला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण बिल्ला हा मनुष्याला राज्यसंस्थेशी बांधतो, मालकाशी असलेल्या त्याच्या संबंधाविषयी काहीच सांगत नाही.

मुलखात मोटार आली ती शहरानंतर. पहिल्या महायुद्धानंतर खासगी मोटारसेवा वाढल्या, आणि त्यांनी रेल्वेचे उतारू पळविण्यास आरंभ केला, तेव्हा सरकार जागे झाले. १९३२ साली नेमलेल्या मिचेल-कर्कनेस समितीने रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेचा अभ्यास केला, आणि पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. या कायद्याचा कटाक्ष परवान्यांवर व मार्गांवर होता हे खरे. तथापि त्याच्या ६५ व्या कलमात एक वेगळा स्वर ऐकू येतो. वाहतुकीची गाडी चालविण्यासाठी ठेवलेल्या माणसाला अर्ध्या तासाच्या विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक, दिवसातून नऊ तासांहून अधिक व आठवड्यातून चोपन्न तासांहून अधिक काम करावयास लावू नये, असे ते कलम सांगत होते. कलमाचा उगम थकलेल्या चालकाच्या हातून होणाऱ्या अपघातांच्या भयात असावा, असे त्याच्या एकंदर संदर्भावरून दिसते. तरीही, कारण कोणतेही असो, चालकाच्या शरीराला थकवा येतो ही गोष्ट कायद्याने प्रथमच मान्य केली. त्यातील उणीव अशी की, निर्बंध होता तो दुसऱ्याला कामास ठेवणाऱ्यावर. जो स्वतःची गाडी स्वतः हाकतो त्याने किती तास हाकावी, हा प्रश्न त्या कलमाने विचारलाच नाही.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने यानंतरचे महत्त्वाचे वर्ष १९४८. त्या वर्षी १ जून रोजी मुंबई राज्यातील सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली बस नगर-पुणे मार्गावर धावली. किसन राऊत हे तिचे चालक व लक्ष्मण केवटे हे वाहक. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या व्यवस्थेस पुढे पक्की बैठक दिली. प्रवाशांच्या सोयीच्या दृष्टीने या घटनेचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. श्रमाच्या इतिहासात तिचे महत्त्व निराळे आहे. तिने एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे चालक निर्माण केले. एकाला गणवेश मिळाला, कामाचे वेळापत्रक मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, संघटना मिळाली, आणि गाडी रिकामी गेली तरी त्याचा पगार थांबत नसे. दुसरा पूर्वी जेथे होता तेथेच राहिला. किंबहुना राष्ट्रीयीकरण झालेल्या मार्गांवर टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा अधिकारच खासगी गाड्यांना न उरल्याने त्याचे काम हळूहळू कायद्याच्या कडेला ढकलले गेले. एस. टी. ने ग्रामीण महाराष्ट्रावर केलेल्या उपकारांबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या उपकाराच्या हिशेबात हा दुसरा चालक कोणी धरलेला नाही.

१९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा संमत केला. चालकाला प्रथमतः आणि प्रामुख्याने कामगार मानणारा हा आपल्याकडील पहिला सर्वदेशीय कायदा होय. दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. लांब पल्ल्याच्या मार्गांवर मंजुरीने दहा व चोपन्न. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. कामाचा पसारा, म्हणजे पहिल्या क्षणापासून अखेरच्या क्षणापर्यंतचा काळ, सामान्यतः बारा तासांच्या आत. आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा, विश्रांतिगृहे, गणवेश. कामगाराची व्याख्याही उदार होती. थेट ठेवलेला असो की मध्यस्थामार्फत, वेतन मिळत असो वा नसो, वाहनावर व्यावसायिक काम करणारा तो कामगार, असे ती म्हणत होती. 'वेतन मिळत असो वा नसो' हे शब्द ज्याने मसुद्यात घातले त्याला या धंद्याची चांगली माहिती असली पाहिजे. कारण टॅक्सीच्या धंद्यात पगार हा शब्द क्वचित् ऐकू येतो, मालकाला रोज ठरावीक रक्कम द्यावयाची आणि उरेल ते आपले, हीच रीत अधिक.

परंतु हे उदार घर एका अरुंद दारामागे उभे होते. ज्या उपक्रमात पाच अथवा अधिक मोटार कामगार असतील त्यालाच कायदा लागू होता. त्याहून लहान उपक्रमांना तो लागू करण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे होता, हे मान्य केले तरी मूळ आखणीत एका गाडीचा मालक व त्याचा एक चालक यांना जागा नव्हती. आणि टॅक्सीचा धंदा तर स्वभावतःच एकेका गाडीचा धंदा. तिसगावच्या जीपवर एक चालक आणि फार तर सामान चढविणारा, भाडे गोळा करणारा एक पोरगा, म्हणजे किन्नर. दोघे मिळून दोन. पाचाच्या उंबरठ्यापाशी ते थांबतात. एखाद्या मालकाच्या तीन-चार जीपा असल्या तरी त्या घरातील निरनिराळ्या माणसांच्या नावे असू शकतात, आणि मग कागदावर प्रत्येक उपक्रम दोघांचाच ठरतो.

या कायद्यातील आणखी एका व्याख्येकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. 'कामाचे तास' म्हणजे कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो काळ, असे सांगून कायद्याने त्यात तीन गोष्टी मोजल्या होत्या : गाडी धावत असतानाचे काम, गाडीची निगा, हिशेब इत्यादी दुय्यम काम, आणि शेवटच्या थांब्यावरील 'केवळ उपस्थिती', ती पंधरा मिनिटांहून कमी असेल तर. 'केवळ उपस्थिती' ही कल्पना १९३९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने रस्ते वाहतुकीविषयी स्वीकारलेल्या ६७ व्या करारात आलेली होती. पंधरा मिनिटांची मर्यादा आपल्या कायद्याने घातली. वेळापत्रकाने धावणाऱ्या बसच्या बाबतीत ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. दोन फेऱ्यांमध्ये मोकळा वेळ मिळाला, तर त्यात चालकाने चहा घ्यावा, पाय मोकळे करावे. तो काम करीत आहे असे कशासाठी म्हणावयाचे?

पण जीप वेळापत्रकाने सुटत नाही. ती भरली म्हणजे सुटते. थांब्यावर गाड्यांचा क्रमांक लागतो, आणि आपली पाळी येऊन आपली गाडी भरेपर्यंत चालकाला तेथून हलता येत नाही. समजा, एका चालकाने दिवसात चार फेऱ्या केल्या, प्रत्येक फेरीला सुमारे एक तास लागला, आणि प्रत्येक फेरीपूर्वी गाडी भरण्यास दोन तास गेले. त्याचा दिवस बारा तासांचा झाला; परंतु 'केवळ उपस्थिती'चे ते कलम अक्षरशः लावले तर कामाचे तास चारच भरतील. उरलेले आठ तास तो रिकामा होता काय? त्या वेळात तो 'पाथर्डी, पाथर्डी' किंवा 'नगर, नगर' अशी आरोळी देत असतो, टपावर पोती व बोचकी बांधीत असतो, म्हातारीला पुढच्या बाकावर बसवीत असतो, निघून जाऊ पाहणाऱ्या उतारूला 'आता निघालोच' म्हणून थोपवीत असतो. गाडी भरणे हेच या धंद्यातील मुख्य काम असून हाकणे हा त्याचा उत्तरार्ध आहे, असे म्हटले तरी चालेल. कायद्याची मोजपट्टी बसच्या मापाने कापलेली होती. जीपच्या चालकाला ती पुरली नाही.

याला जोडूनच वर्षाचा प्रश्न येतो. पाथर्डी तालुका अवर्षणाचा. येथील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ते महिने थांब्यावर उतारू थोडे. उलट होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा, आणि नवरात्रात मोहटादेवीची. त्या दिवसांत चालकाला झोपही मिळत नाही. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा सारखे आठवडे गृहीत धरते. येथे आठवडे सारखे नसतात. आणि जो मनुष्य चार महिने कर्ज काढून बसला आहे त्याला यात्रेच्या पंधरवड्यात विश्रांतीचा उपदेश करणे व्यर्थ आहे. करंजीच्या घाटात त्याच्या गाडीत बसलेल्यांच्या दृष्टीने मात्र तो उपदेश व्यर्थ नाही. ही अडचण केवळ चालकाची नव्हे.

आता मुंबईकडे वळावयास हवे. कारण टॅक्सीचालकांच्या हक्कांची भाषा मुंबईत घडली, आणि नगरच्या रस्त्यावर पोहोचली ती तिकडूनच. १९६० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे टॅक्सीचालक संघटित झाले. १९६७ साली दक्षिण मुंबई मतदारसंघातून फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला, त्यामागे गोदी कामगार, पालिका कामगार यांच्याबरोबर टॅक्सीवालेही होते. १९६८ साली त्यांच्याच पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली, आणि १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर टॅक्सी विकत घेण्यास कर्ज मिळणे पूर्वीइतके दुर्घट राहिले नाही. कुर्ल्याला तयार होणारी फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी, हे चालकाचे स्वप्न झाले. ती गाडी मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरची गेली.

या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. सावकाराच्या आणि अनेक गाड्यांच्या मालकाच्या कचाट्यातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्या काळी दिसत नव्हता. परंतु त्या मार्गाची दिशा पाहिली पाहिजे. चालकाने मालक व्हावे, हे न्यायाचे रूप ठरले. एकदा हे मान्य झाले की मालकाकडे मागावयाच्या गोष्टी (तास, रजा, विश्रांती, आजारपणाचा पगार) मागण्यांच्या यादीतून आपोआप गळतात. कारण आता त्या मागावयाच्या कोणाकडे? उरतात त्या सरकारकडे करावयाच्या मागण्या : भाडेवाढ, परवाने, इंधनाचा दर, थांब्याला जागा. टॅक्सीवाल्यांचे संप याच कारणांभोवती फिरत राहिले. २०१२ सालच्या हकीम समितीने आणि २०१६ साली नेमलेल्या खटुआ समितीने भाड्याचे सूत्र ठरविण्याचा जो खटाटोप केला त्यातही चालकाचा निर्वाह हा भाड्याच्या हिशेबातील एक रकाना म्हणूनच येतो. तेलाचा खर्च, दुरुस्तीचा खर्च, तसा माणसाचा खर्च. रकान्यात का होईना तो आला, हे खरे. पण त्या रकान्यातील पैसा गाडीच्या मालकाकडे जातो की पाळीवर गाडी चालविणाऱ्याकडे, हे सूत्र सांगत नाही.

मुंबईचे चालक सगळेच मालक झाले नाहीत. पाळीने गाडी घेणारे, दिवसा एक व रात्री एक असे दोघे मिळून एक टॅक्सी चालविणारे हजारो राहिलेच. तिसगावसारख्या गावी ही तफावत अधिक झाकली जाते, आणि ती झाकण्याचे काम एक जोडशब्द करतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील जीप, रिक्षा, टॅक्सी यांच्या संघटनांचे फलक पाहावेत; 'चालक-मालक संघटना' हे नाव त्यांवर हटकून आढळते. त्या दोन शब्दांमधील आडव्या रेघेत या धंद्यातील सर्व श्रमसंबंध दडलेले आहेत. पोलिसांशी, परिवहन कार्यालयाशी वा एस. टी. शी वाद असतो तेव्हा ती रेघ दोघांना खरोखरच जोडते. दिवसाअखेर हिशेब होतो तेव्हा ती दोघांच्या मध्ये उभी राहते.

जीपला कायद्यात जी जागा मिळाली ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने. चालक वगळून सहापर्यंत प्रवासी नेणारी ती मोटार कॅब, सहाहून अधिक परंतु बारापर्यंत नेणारी ती मॅक्सी कॅब; आणि प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेतले तरी दोन्ही वाहने 'कंत्राटी वाहन' या वर्गात मोडतील, असे व्याख्या सांगते. पण त्याच व्याख्येत कंत्राटी वाहनाने कराराबाहेरचा प्रवासी वाटेत घेऊ नये वा उतरवू नये, असेही आहे. नगरपासून पाथर्डीपर्यंत मधल्या एकाही गावी न थांबता जीप चालविणे म्हणजे विहिरीला पाणी असून पोहरा न सोडणे होय. वाटेत देवराई आहे, तिसगाव आहे, निवडुंगे आहे. उतारू तेथेच उभा असतो. म्हणून परवाना असलेला, बिल्ला असलेला, कर भरलेला चालकही दिवसातून अनेक वेळा नियमभंग करतो, आणि त्याच्या व्यवसायाला वृत्तपत्रांच्या भाषेत 'अवैध प्रवासी वाहतूक' हे नाव पडते. ज्याचे रोजचे काम अवैध ठरले आहे तो रोजच्या कामाचे तास मोजून मागण्यास कोणत्या दारी जाणार?

गर्दीचेही तसेच. जीपमध्ये माणसे कोंबली जातात याबद्दल चालकाला दोष देणे सोपे आहे, आणि अपघात झाला की तो दिला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक जादा प्रवाशामागे दोनशे रुपये दंड ठेवला आहे. परंतु हिशेब करून पाहावा. मालकाची रोजची रक्कम आणि तेलाचा खर्च हे पहिल्या आठ-दहा उतारूंच्या भाड्यातून निघतात. चालकाच्या घरी जाते ते त्यानंतरच्या उतारूंचे भाडे. म्हणजे परवान्याने ठरविलेली मर्यादा संपते साधारण तेथेच त्याची कमाई सुरू होते. थांब्यावरच्या भाषेत उतारूला 'सीट' म्हणतात ('दोन सीट मढी'), ते ऐकून शहरी माणसाला चमत्कारिक वाटते. पण ज्याचा संसार सीटांच्या मोजणीवर चालतो त्याची ती परिभाषा आहे.

या चालकाचे अवैधपण किती परिस्थितीनुरूप असते हे २०२१ च्या नोव्हेंबरात दिसले. एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने राज्यभर बस थांबल्या, तेव्हा शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकेच नव्हे तर मालवाहू गाड्या यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. काल जे काम गुन्हा होते ते या काळात लोकसेवा झाले. एस. टी. चे चालक आपल्या सेवाशर्तींसाठी रस्त्यावरून दूर झाले होते, आणि ज्यांना सेवाशर्ती नाहीतच अशा चालकांनी मुलूख चालता ठेवला. १९४८ साली एका रस्त्यावर जे दोन चालक निर्माण झाले त्यांची ही समोरासमोर पडलेली गाठ होती. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नव्हते.

अलीकडच्या कायद्यांनी या परिस्थितीत फरक केला काय? १९६१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातील 'आस्थापने'च्या व्याख्येत मोटार परिवहन उपक्रमाचा स्वतंत्र उल्लेख आहे, परंतु दहा अथवा अधिक कामगार असतील तर. साठ वर्षांत उंबरठा खाली यावयाचा तो पाचावरून दहावर गेला. दुसऱ्या बाजूस त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेने भ्रमणध्वनीवरील मंचामार्फत काम मिळविणाऱ्यांचा नवा वर्ग मानला, आणि मंचचालक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे ठरविले. ओला, उबर यांच्या चालकांना यातून काही मिळेल तर ते इष्टच आहे. तिसगावच्या चालकाला उतारू मिळतो तो आरोळी दिल्याने, यंत्रावरील मंचाने नव्हे. त्यामुळे त्या वर्गातही तो बसत नाही. राज्य शासनाने २०२४ साली कल्याणकारी मंडळ स्थापिले ते ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सी यांच्या चालकांसाठी, असे त्याच्या नावातच आहे. जीपला मीटर नसतो. २०२१ च्या टाळेबंदीत दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले तेही परवानाधारक रिक्षाचालकांना. प्रत्येक वेळी दार उघडते, आणि प्रत्येक वेळी दाराचे माप दुसऱ्याचे असते.

मालक निश्चित नसलेल्या श्रमिकाला संरक्षण देता येतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. निदान महाराष्ट्रात तरी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक कोण हा प्रश्न बाजूस ठेवला, मंडळ स्थापिले, मजुरीवर लेव्ही बसविली, आणि अनेकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी व रजा मिळवून दिली. पुण्यात हमाल पंचायत उभारणाऱ्या बाबा आढावांनीच रिक्षा पंचायतही उभारली, यात दोन श्रमांतील साम्याची जाणीव दिसते. जीपच्या थांब्यावर क्रमांक लावण्याची व्यवस्था आधीच आहे, फेरीगणिक नोंद ठेवता येते. मंडळाला लागणारा पाया नाही असे नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९७९ च्या १५३ व्या कराराने तर वाहन चालविण्याच्या तासांची मर्यादा पगारी चालकाप्रमाणेच स्वतः गाडी हाकणाऱ्या मालकालाही लावता येते हे दाखविले. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

या विषयाच्या अभ्यासकाला एक अडचण पदोपदी येते, ती साधनांची. परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत गाडी व मालक भेटतात, दंडाच्या पावतीवर चालक भेटतो, पण दोघांचे नाते कोठे भेटत नाही. त्याला एक अपवाद आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनावर काम करणाऱ्याचा समावेश होता, आणि तेथे पाचाचा उंबरठा नव्हता. एका गाडीच्या मालकाचा एकुलता एक चालकही त्या कायद्याने कामगार होता. मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्यातही पगारी चालकाच्या या हक्काची तरतूद ठेवलेली आहे. म्हणजे करंजीच्या घाटात जीप उलटून चालक जायबंदी झाला अगर दगावला, की त्या दिवसापुरता तो निःसंशय कामगार ठरे : त्याचे वय, त्याला महिन्याला काय मिळत होते, गाडी कोणाची होती, तो किती वाजता घरून निघाला होता, हे सर्व शपथेवर विचारले व लिहिले जाई. मालकाने 'तो माझा नोकर नव्हे, गाडी भाड्याने नेत होता' असे म्हणावे आणि विधवेने त्याचा प्रतिवाद करावा, हा या दाव्यांतील नेहमीचा वाद. 'चालक-मालक' या शब्दांमधील रेघ तेथे न्यायालयासमोर मोडून पडते. नगरच्या न्यायालयांतील अशा दाव्यांचे कागद, मोटार अपघात न्यायाधिकरणासमोरील कागदांसह, एकत्र वाचले गेल्यास पाथर्डी रस्त्यावरील चालकांच्या वेतनाचा व तासांचा गेल्या काही दशकांचा पट मांडता येईल. जुने निकालात निघालेले कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. तेव्हा हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम तेथे जावे.